कदाचित वासरू

चरईतल्या पास्कूअंकलना
एका लग्नात कुणीतरी फिडलर म्हणालं
आणि त्या रात्री ते न जेवता घरी आले.
व्हायोलिनिस्ट म्हणायचं, त्यांनी मला बजावलं,
फिडलर म्हणजे दारूच्या पिंपावर बसून वाजवणारा,
टोपीतली चिल्लर मोजणारा.
आणि साहेबाच्या भाषेत फिडल म्हणजे
हिशेबातली लबाडीसुद्धा.
जकात नाक्यावर एकतीस वर्षं पावत्या फाडल्या मी,
पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

मी अकरा वर्षांची.
कळव्याहून खाडीपूल ओलांडून चालत यायची,
पेटी काखेत. बायका विचारायच्या,
पोरी, भरतकामाची मशीन का गं ती?
नावाचं इतकं मनाला का लावून घ्यायचं
ते तेव्हा कळलं नाही.
माझा बो वाकडा जायचा, एवढंच कळायचं,
कारण ते डोळे मिटून घ्यायचे.

परवा ग्रंथसंग्रहालयात
जाडा कोश उतरवून घेतला.
फिडलर एकटा नव्हताच.
सातबाऱ्यावर असतं तसं, नावामागे नाव,
त्यामागे खोडलेलं नाव, मग फेरफार,
आणि सगळ्यांत तळाशी, लॅटिनच्या हद्दीत,
वितुला.
कोण ही? कदाचित आनंदाची देवी,
लढाई जिंकल्यावर जिच्यापुढे नाचायचे.
कदाचित वितुलुसची कुणी, वितुलुस म्हणजे वासरू,
आणि नाचणं म्हणजे त्याच्यासारखं
चारी पाय उचलून उधळणं.
कदाचित या दोघींचा
एकमेकींशी काहीच संबंध नाही.
कोशकाराने प्रत्येक वाक्य
एकेका कदाचितच्या दाव्याने बांधून ठेवलेलं.

एक मात्र सुटं सापडलं:
वितुलुस आणि आपला वत्स
लांबचे भाऊ. एकाच वर्षाचे दोघे,
वत्सर उलटला की वासरू.
मी कोश मिटला. टेबलावरच्या बाईंनी विचारलं,
मिळालं का?
मी म्हटलं, बरंचसं.

अंकल आता ऐरोलीला, लेकीकडे.
बोटांच्या पेरांची सुपारी झालेली.
सांगितलं तर मोठ्याने म्हणाले,
वासरू? म्हणजे आम्ही वासरं?
मग बिस्किटाच्या डब्यातून
पिवळी पडलेली एक तार काढली,
तार नव्हे, तात. मेंढीच्या आतड्याची.
स्टील यायच्या आधी हीच, ते म्हणाले,
पावसाळ्यात उतरायची, रडवायची,
पण बोलायची माणसासारखी.
मी ती हातात घेतली.
आपल्या भाषेत तात म्हणजे बापही,
हे मी बोलले नाही.
वत्स कोण, हेही मग सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी त्यांना दिवा गावच्या धक्क्यावर नेलं.
ओहोटी. कांदळवनाची मुळं
चिखलातून श्वासाला वर आलेली,
आणि त्यांच्यामध्ये शेकडो बारके खेकडे,
एक नांगी नखाएवढी, दुसरी अंगाहून मोठी,
ती मोठी वर, खाली, वर, खाली,
मादीला बोलावत.
जाळं आवरणारा एकजण म्हणाला,
बघताय काय, खायच्या कामाचे नाहीत ते.
मी अंकलना सांगितलं,
यांनाही इंग्रजीत फिडलरच म्हणतात.

ते चिडतील असं वाटलं.
काठी धक्क्याच्या दगडाला टेकवून
ते बराच वेळ वाकून बघत राहिले.
पलीकडे पुलावर दिवे लागले.
त्याने बो डाव्या हातात धरलाय,
ते म्हणाले.
मग, पाणी परत चढायला लागल्यावर,
अगदी हळू:
मनगट मात्र सैल आहे.
छान आहे मनगट.

अठ्ठावीस वर्षांत
मला हे ते कधीच म्हणाले नव्हते.